अल्पव्यय आणि अपरिग्रह

कमी पैशांत राहणे आणि कमी संग्रहात राहणे या दोन गोष्टी बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की, व्यवहारात त्यांची गल्लत झाल्यावाचून राहत नाही. दोन प्रवासी एकाच धर्मशाळेत उतरतात, एकेक पिशवी उशाशी घेऊन निजतात आणि दुसऱ्या दिवशी एकाच पंक्तीला बसून दहीभात खातात. पाहणाऱ्याला दोघेही विरक्त वाटावेत. परंतु त्यांपैकी एकाने ममत्व उतरवून ठेवलेले असते आणि दुसऱ्याने केवळ पैसा वाचविलेला असतो. शास्त्राने हा भेद स्पष्ट केलेला आहे. तथापि वाटेवर तो फार लवकर पुसट होतो.

हा प्रश्न आज गृहस्थाच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. शिकलेली, मिळवती किंवा लवकरच मिळवती होणारी मुले पाठीवर एक पिशवी टाकून, रोजचा खर्च काही शे रुपयांच्या आत ठेवण्याचा निश्चय करून, महिना-महिना देश पाहत हिंडतात. घरची वडील मंडळी प्रथम काळजी करतात आणि मग चारचौघांत कौतुकाने सांगतात की, मुलगा अगदी बैराग्यासारखा राहतो. हे कौतुक खरे आहे काय, हे पाहिले पाहिजे. जे वैराग्य नव्हे त्याला वैराग्य म्हटल्याने मुलाचेही हित होत नाही आणि वैराग्याचेही.

विचारासाठी चेन्नई हे एक नगर घ्यावे. तेथे अल्प पैशांत राहता येते, पण सुखाने राहता येत नाही. म्हणूनच ते या परीक्षेला योग्य आहे. समुद्राकाठची तेथील हवा बाराही महिने दमट असते. मे महिन्यात ज्या दिवसांना तमिळ लोक अग्निनक्षत्र म्हणतात त्या दिवसांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. पण उन्हापेक्षाही घाम छळतो, कारण तो वाळतच नाही. रात्री धुऊन टाकलेला सदरा सकाळी ओलाच हाती येतो. दुपार कलताना समुद्रावरून वारा सुटला तर जीव निवतो. न सुटला तर पंख्याखालीही झोप लागत नाही. महाराष्ट्रातील माणूस जूनमध्ये पाऊस येईल म्हणून वाट पाहतो, आणि तेथील मुख्य पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत.

या नगरात तिरुवल्लिक्केणी नावाची जुनी वस्ती आहे. इंग्रजांनी तिचे ट्रिप्लिकेन केले. दूरच्या गावांहून नोकरीसाठी आलेल्या एकट्या पुरुषांसाठी तेथे ‘मॅन्शन’ या भारदस्त नावाच्या इमारती उठल्या. नाव मोठे आणि खोली लहान: एक खाट, एक पंखा, भिंतीत एक फळी आणि स्नानगृह पुष्कळदा सामायिक. अशाच वस्तीत स्वस्त बिऱ्हाड शोधीत पाठपिशवीवाला प्रवासी येऊन पोहोचतो. खाली खानावळ असते, जवळ बसचा थांबा असतो आणि थोडे चालले की मरीनाचा विस्तीर्ण वाळूचा किनारा लागतो, जेथे बसण्याला काहीच पडत नाही. त्याच्या वहीत पहिल्या दिवसाचा खर्च मांडला जातो. तो खरोखर थोडा असतो.

येथपर्यंत त्याला दोष देण्याजोगे काहीही नाही. किंबहुना त्याच्या वागण्यात पुष्कळ चांगले आहे. तो पायी चालतो, शहरातील सामान्य माणूस जे खातो ते खातो, थंडगार खोलीच्या काचेआडून नगर पाहत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत आणि उष्ण हे इंद्रियांच्या विषयांशी होणाऱ्या संपर्काने येतात आणि जातात, ते सोसावेत, असा उपदेश आहे. त्याचा थोडासा तरी अभ्यास या खोलीत आपोआप घडतो. मात्र तो उपदेश कोणाला आणि कोणत्या प्रसंगी केला गेला हे विसरता कामा नये. समोर कर्तव्य उभे असता त्यापासून मागे सरणाऱ्या वीराला तो केलेला आहे. सोसावयाचे ते कर्तव्यासाठी; सोसणे हेच काही पराक्रम नव्हे. त्या मॅन्शनच्या दारावर बसणारा पहारेकरी तीच हवा वर्षानुवर्षे सोसतो आणि त्याविषयी कोणाला काही सांगत नाही. चार दिवस तीच हवा सोसलेला प्रवासी मात्र आपल्या घामाचे चित्र भ्रमणध्वनीवरून सर्व मित्रांना धाडतो. सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगताना सत्कार, मान आणि पूजा यांसाठी दंभाने केलेल्या तपाला भगवंतांनी राजस म्हटले आहे आणि ते टिकत नाही असेही सांगितले आहे. ज्या गोष्टीला भगवंतांनी तप म्हणून तरी मोजले, तितकी योग्यता या चित्राची आहे की नाही, याचा निर्णय वाचकांनी करावा.

परंतु दंभ हा या प्रश्नातील लहान भाग आहे. त्याने नुकसान होते ते बहुतांशी दंभ करणाराचेच. मोठा भाग निराळा आहे. प्रवाशाने जे मोल दिले नाही ते कोणीतरी दिलेलेच असते. वहीत जी रक्कम वाचलेली दिसते ती आकाशातून आलेली नसते. तेव्हा ती कोणी दिली आणि कशी दिली, हे पाहिल्याखेरीज अल्पव्ययाचे पुण्यपाप ठरविता येत नाही. तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे चक्र सांगताना, जे मिळाले ते परत काही न देता जो एकटाच भोगतो त्याला चोर असा स्पष्ट शब्द लावलेला आहे. हा शब्द श्रीमंतांसाठी राखून ठेवलेला नाही. थोडे भोगणारालाही तो लागू पडू शकतो.

त्याच वस्तीत श्रीपार्थसारथीचे प्राचीन मंदिर आहे, आणि गीतेचा अभ्यास करणाराला त्याच्याइतके जिव्हाळ्याचे स्थान क्वचितच सापडेल, कारण तेथील देव अर्जुनाचा सारथी म्हणून पूजिला जातो. वैष्णवांच्या एकशे आठ दिव्यदेशांत त्याची गणना आहे. गाभाऱ्यातील वेंकटकृष्णाच्या ओठांवर भरदार मिशा आहेत. त्याच्या हाती शंख आहे, पण चक्र नाही; भारतीय युद्धात शस्त्र धरणार नाही असे त्याने वचन दिले होते ना! उत्सवमूर्तीच्या मुखावर जे व्रण दिसतात ते भीष्मांच्या बाणांचे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. रथात बसणारावर आलेले बाण रथ हाकणाराने आपल्या मुखावर झेलले.

आता अशी कल्पना करावी की, इंदूरकडून आलेला एक पदवीधर तरुण या मंदिराचे दर्शन घेऊन बाहेर येतो आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला स्थानकापर्यंतचे भाडे विचारतो. रिक्षावाला परका माणूस ओळखून चढे भाडे सांगतो. तरुण ते निम्म्यावर आणतो. येथे दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. परक्याला लुबाडणे हा अन्यायच होय आणि अन्यायाचे भाडे नाकारणे हा भ्याडपणा किंवा कंजूषपणा नव्हे. 2013 साली सरकारने तेथे मीटरचे दर ठरवून दिले. पुढे इंधनाचे भाव वाढत गेले, मीटर पुष्कळदा बंदच राहू लागले आणि दर दोघांच्या घासाघिशीवर येऊन पडला. अशा स्थितीत भाडे ठरवून घेणे यात गैर काही नाही. पण न्याय्य आकड्यावर येऊन तरुण थांबत नाही. रात्र झाली आहे, दिवसभर गिऱ्हाईक थोडे मिळाले आहे, रिकामी गाडी घेऊन घरी जाण्यापेक्षा मिळेल ते बरे असे समोरच्याला वाटते, हे त्याच्या ध्यानात येते आणि तो आणखी वीस रुपये कमी करवून घेतो. त्या वीस रुपयांचे त्याला काहीच महत्त्व नाही. खिशातील यंत्राची किंमत त्याहून हजारपटीने अधिक आहे. ते वीस रुपये त्याला वहीत लिहिण्यासाठी हवे असतात. रिक्षावाल्याला मात्र ते डाळतांदळासाठी हवे असतात. ज्या सारथ्याला त्याने नुकताच नमस्कार केला, त्याच्या मुखावरील व्रण त्याने पाहिले. या सारथ्याचे मुख त्याने पाहिलेच नाही.

कोणी म्हणेल की, रिक्षावाल्याने आपण होऊन भाडे कबूल केले, मग त्यात बळजबरी कसली? व्यवहारशास्त्रात हा युक्तिवाद चालतो. धर्मशास्त्रात तो अपुरा पडतो, कारण गरजेने दिलेली संमती आणि आनंदाने दिलेली संमती यांत धर्म भेद करतो.

याच्या अगदी उलट टोकाला अन्नदान आहे, आणि तेथे विचार अधिक नाजूक होतो. तमिळनाडूतील अनेक मंदिरांत दुपारी अन्नदान चालते. पंगतीत बसलेल्याला कोणी जात विचारीत नाही, गाव विचारीत नाही आणि त्याच्या खिशात काय आहे हेही विचारीत नाही. पाठपिशवीवाल्या तरुणाने तेथे जेवावे की नाही? ज्याला विकत घेण्याची शक्ती आहे त्याने फुकटचे अन्न खाऊ नये, असे काही कडक गृहस्थ म्हणतील. हे मत ग्राह्य वाटत नाही. देवाच्या दारातील अन्न हा प्रसाद आहे आणि प्रसाद नाकारण्यात आपण घेणाऱ्यांपैकी नव्हे, देणाऱ्यांपैकी आहोत असा सूक्ष्म अहंकार असतो. पुष्कळ सधन लोकांनी वर्षातून एकदा तरी अशा पंगतीत मांडी घालून बसावे. त्यांना ते औषधासारखे उपयोगी पडेल. पण तोच तरुण आठवडाभराचा बेत आखताना कागदावर लिहितो की, दुपारचे जेवण मंदिरात, म्हणजे इतके रुपये वाचले. त्या क्षणी प्रसादाचे अन्न होते आणि अन्नाचा हिशोब होतो. पानावर तोच भात असतो, फक्त घेणाराचे मन बदललेले असते. रांगेत त्याच्या मागे काठी टेकीत उभी असलेली म्हातारी त्या मनाला दिसत नाही.

सरकारी उपाहारगृहांचाही असाच विचार आहे. 2013 साली चेन्नईत ‘अम्मा उणवगम’ या नावाची उपाहारगृहे निघाली. तेव्हा तेथे एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबारभात आणि तीन रुपयांना दहीभात मिळू लागला. हातगाडी ओढणारे, बांधकामावरचे मजूर, रुग्णालयात आप्ताला घेऊन आलेले खेड्यातील लोक यांच्यासाठी ही सोय झाली आणि तिची तूट लोकांच्या करातून भरून निघू लागली. भूक लागली असता तेथे दोन इडल्या खाणे हा काही अपराध नव्हे. परंतु मजुराच्या ताटाची किंमत कोणी का कमी ठेवली, याचा विचार न करता त्यालाच आपल्या प्रवासाचा आधार करणे, आणि वर इतक्या थोडक्यात भागते म्हणून इतरांनाही तेथे धाडणे, हे निराळे होय.

पाण्याचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरविणारे चार मोठे जलाशय, पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम, जवळजवळ कोरडे पडले. गल्लोगल्ली प्लास्टिकच्या रंगीत घागरींच्या रांगा लागल्या, टँकरची वाट पाहत स्त्रिया रात्री जागू लागल्या आणि जुलै महिन्यात जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत स्वस्त खोली घेऊन राहिलेल्या एखाद्या प्रवाशाने उकाडा सोसवेना म्हणून दिवसातून तीन वेळा स्नान केले असेल, तर त्याच्या वहीत त्या पाण्याचा खर्च शून्य रुपये लिहिला गेला असेल. खोलीच्या भाड्यात पाणी धरलेलेच होते. वही खोटी नव्हती. पण ते पाणी ज्या घागरीत पडावयाचे होते ती घागर रिकामी राहिली, ही नोंद करावयाला त्या वहीत रकानाच नव्हता.

आपल्या पूर्वजांनी प्रवाशाची चिंता केली नव्हती असे नाही. या बाबतीत मराठी वाचकांना अभिमान वाटावा असे एक प्रकरण याच तमिळ भूमीत घडले आहे. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे बांधली. सरफोजी राजांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबाबाईच्या नावाने उभारलेले छत्र 1802 चे आहे. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा ही छत्रे तरी आपल्याकडे राहावीत म्हणून सरफोजींनी 1801 साली इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिले. राज्य गेल्याचे दुःख बाजूला ठेवून राजा वाटसरूंच्या जेवणासाठी रदबदली करतो, हे दृश्य मोठे हृदयस्पर्शी आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा सर्वांना तेथे भात मिळे. जे शिजविलेले घेत नसत त्यांना कोरडा शिधा मिळे. आजारी पडलेल्याला औषधपाणी होऊन तो बरा होईपर्यंत ठेवून घेतले जाई. आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, असा पुकारा केला जाई.

ती घंटा वाजविणारा अंधारात उभ्या असलेल्याला विचारीत नसे की, तू खरोखर निर्धन आहेस काय. दानाची थोरवी याच न विचारण्यात आहे. परंतु दाता विचारीत नाही, म्हणून तो प्रश्न नाहीसा होत नाही. तो घेणाऱ्याकडे जातो. जुन्या काळचा यात्रेकरू तो स्वतःला विचारीत असे. म्हणूनच तीन दिवसांहून अधिक न राहण्याचा दंडक अनेक धर्मशाळांत चाले, आणि निघताना ऐपतीप्रमाणे काही ठेवून जाण्याची, निदान अंगण झाडून जाण्याची रीत होती. ज्याच्यापाशी काहीच नसे तो आशीर्वाद देऊन जाई, आणि त्याचे तेवढेच पुरे मानले जाई.

अपरिग्रह म्हणजे स्वस्ताई नव्हे, याचे निर्णायक उदाहरणही या नगरानेच पाहिले आहे. मरीनासमोर एक गोलाकार दर्शनी भागाची जुनी इमारत आहे. 1842 साली ती बर्फ साठविण्यासाठी बांधली गेली. अमेरिकेतील गोठलेल्या तलावांतून कापलेला बर्फ जहाजांतून येथवर येई आणि मद्रासच्या उकाड्यात साहेबांचे पेय थंड करी. उकाड्यातून पैशाने सुटका विकत घेण्याची ती एक तऱ्हा होती. त्याच इमारतीत, ती राहते घर झाल्यावर, 1897 च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद पश्चिमेहून परतताना नऊ दिवस राहिले, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यापूर्वी चार वर्षे ते याच नगरात परिव्राजक म्हणून आले होते. तेव्हा अळसिंग पेरुमाळ हे शिक्षक आणि त्यांचे तरुण सोबती यांनी स्वामीजींच्या अमेरिकायात्रेसाठी दारोदार फिरून वर्गणी जमविली. पहिल्या खेपेस जमलेले पैसे स्वामीजींनी गरिबांना वाटून टाकण्यास सांगितले, कारण जाणे ही ईश्वराची इच्छा आहे की स्वतःची, याचा त्यांना निश्चय होत नव्हता. पुढे निश्चय झाला, पुन्हा वर्गणी जमली, आणि 31 मे 1893 रोजी मुंबईहून ते निघाले तेव्हा खेतडीच्या राजेसाहेबांच्या आग्रहाने पहिल्या वर्गाचे तिकीट काढलेले होते. खर्चाच्या वहीने मोजले तर हा प्रवास अपरिग्रही माणसाचा ठरणार नाही. पण शिकागोला पोहोचल्यावर पैसे संपले आणि थंडीत भुकेने हिंडण्याची पाळी आली, तेव्हाही ते तेच होते. चौथ्या अध्यायात सहज मिळेल त्यात संतुष्ट असणाऱ्याचे जे वर्णन आहे, त्यात मिळालेले थोडे असावे अशी अट नाही. पहिला वर्ग मिळाला तर तो, आणि फुटपाथ मिळाला तर तो. पाठपिशवीवाला तरुण मात्र थोडेच मिळावे यासाठी दिवसभर खटपट करीत असतो, आणि त्या खटपटीत त्याचे सारे लक्ष पैशावरच खिळलेले असते. सोन्याचा लोभ आणि सोने वाचविण्याचा लोभ, दोन्हींत मन सोन्याजवळच असते.

महात्मा गांधी तिसऱ्या वर्गाने फिरत, हे येथे कोणी आठवून देईल. त्यांनी 1917 साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी जे लिहिले त्यात भाडे किती वाचले याचा हिशोब नव्हता. डब्यातील गर्दी, घाण आणि उतारूंची होणारी हेळसांड यांचे वर्णन होते. त्या डब्यात ते बसले होते ते तेथे बसणाऱ्यांसाठी.

याचा अर्थ तरुणांनी घरी बसावे असा मुळीच नाही. त्यांनी जावे, चालावे, त्या दमट खोलीत घामाघूम होऊन झोपावे, मरीनावर पहाटे सूर्य पाण्यातून वर येताना पाहावा. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाला सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. उगवताना पाहण्यासाठी हे अंतर तोडण्यासारखेच आहे. पाठीवर ओझे थोडे असणे हे केव्हाही चांगले. फक्त घरी परत जाण्याचे तिकीट आणि वडिलांच्या पेढीतील खाते ही दोन ओझी पिशवीत दिसत नसली तरी बरोबर आहेत, हे त्यांनी ओळखून असावे. ज्याला केव्हाही आपल्या सुरक्षित घरी परतता येते त्याने स्वतःला अकिंचन म्हणू नये, इतकेच. त्याने स्वतःला पाहुणा म्हणावे. पाहुण्याला पुष्कळ मोकळीक असते आणि थोडी बंधनेही असतात. बंधने कोणती हे आपल्या घरी पाहुणे आले असता त्याने पाहिलेलेच असते.

आणि यात गृहस्थाचा वाटा कमी नाही. मुलगा महिन्याने परत येतो, उन्हाने रापलेला, थोडा वाळलेला. आई त्याच्या जेवणाखाणाची चौकशी करते. वडील विचारतात, “एकूण खर्च किती आला रे?” तो आकडा सांगतो आणि वडिलांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. या एका प्रश्नाने मुलाला कळते की, घरात कशाला किंमत आहे. खोली कोण झाडीत असे, त्याचे नाव काय. तेथे पाण्याचा हंडा कोठून येत असे. रिक्षावाल्याला शेवटी किती दिले आणि तो हसला की नाही. मंदिरात पान वाढणाऱ्यांच्या हाताला हात लावलास की जेवून उठून गेलास, असे प्रश्न त्या घरात कोणी विचारले असते, तर पुढच्या खेपेस मुलाच्या वहीत एक रकाना वाढला असता. तो रकाना भरण्यास कठीण आहे, कारण त्यात रुपये लिहिता येत नाहीत. पहिल्या दिवशी तो कोराच राहील. दुसऱ्या दिवशी त्यात एखादे नाव येईल, आणि त्या नावाच्या माणसाला सकाळी जिना उतरताना वणक्कम म्हणावेसे वाटेल.